सेन्सर छे!

पर्वत पाटियाच्या चौकात गाडी बंद पडली तर मागचे फक्त हॉर्न वाजवतात. पण गाडी उत्तम चालते आहे आणि मीटरमध्ये एक पिवळा दिवा तेवढा लागलाय, असं नुसतं कळू द्या; मग बघा माणसं कशी जवळ येतात. बंद गाडीला धक्का द्यावा लागतो, त्यात अंगमेहनत आहे. दिव्याबद्दल नुसतं मत द्यावं लागतं. आणि मत हा माल सुरतेत साड्यांपेक्षा स्वस्त आहे. एक नग घ्या, नाहीतर अख्खं पार्सल उचला.

माझ्या गाडीतला दिवा ट्रॅक्शन कंट्रोलचा होता. ओळखायला सोपा: मागून काढलेलं एका छोट्या मोटारीचं चित्र आणि तिच्या चाकांखालून निघालेल्या दोन नागमोडी रेघा. ज्याने हे चित्र ठरवलं त्याच्या मनात ओल्या रस्त्यावर घसरणारी मोटार असणार. आमच्या सोसायटीत त्याचा अर्थ निराळा लागला. एम्ब्रॉयडरीची मशीनं चालवणारे आमचे काठियावाडी शेजारी खिडकीतून आत डोकं घालून ते चित्र बराच वेळ न्याहाळत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, गाडी पीधेली छे." गुजरात राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून, इथे दारूबंदी आहे, त्यामुळे हे वाक्य ते अगदी हळू बोलले. गाडी नुकतीच दोंडाईचाच्या लग्नाहून, म्हणजे नवापूरची हद्द ओलांडून आली होती, हेही त्यांना ठाऊक होतं. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तेवढ्या अंतरात माणसाचं काय काय बदलतं, यावर भाईंचा अभ्यास होता. गाडीबद्दल त्यांची ती पहिलीच केस.

या यंत्रणेचं काम मुळात सरळ आहे. चारही चाकांपाशी एकेक सेन्सर असतो आणि चाक किती वेगाने फिरतंय ते तो सतत कळवत असतो. इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांतलं एखादं चिखलात किंवा तेलकट ओल्या रस्त्यावर बाकीच्यांपेक्षा भलतंच जोरात फिरू लागलं, तर आतला संगणक ओळखतो की हे जागच्या जागी गरगरतंय, गाडी पुढे जात नाहीये. मग तो त्या चाकाला अलगद ब्रेक लावतो, इंजिनाचा जोर कमी करतो, किंवा दोन्ही करतो. चालवणाऱ्याला विचारत नाही. हे चालू असताना दिवा लुकलुकतो; त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तोच दिवा न लुकलुकता एकटक जळत राहिला, तर मात्र एक तर कोणीतरी बटण दाबून यंत्रणा बंद केलेली असते, नाहीतर तिने आपणहून हात वर केलेले असतात. आमचा दिवा एकटक बघायचा.

हे सगळं एबीएसच्या पोटातून आलेलं आहे. ब्रेक दाबल्यावर चाक आवळून घसरत जाऊ नये म्हणून बॉश कंपनीची ही यंत्रणा १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. चाकांपाशी सेन्सर बसलेच आहेत, तर सुटताना चाक गरगरण्याचंही बघा, असं मग पुढे झालं. १९९५ मध्ये त्याच घराण्यातली ईएसपी आली. वळणावर गाडी वाहवत जायला लागली तर सावरणारी. तिची खरी कीर्ती झाली ती १९९७ मध्ये, आणि एका जनावरामुळे. स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने मर्सिडीजच्या नव्याकोऱ्या ए-क्लासची परीक्षा घेतली. समोर एकदम एल्क, म्हणजे तिकडचं थोराड हरीण, आलं असं धरून चालायचं आणि गाडी झटक्यात एका बाजूला वळवून परत आपल्या रांगेत आणायची. गाडी उलटली. कंपनीला मग ए-क्लासच्या प्रत्येक मोटारीत ईएसपी द्यावी लागली. या सगळ्यात खरं एल्क कुठेच नव्हतं. मनातल्या हरणाने एवढ्या मोठ्या कंपनीला खर्चात पाडलं. आमच्याकडे जनावर खरं असतं. पाटियाच्या दुभाजकाला टेकून रवंथ करणारी गाय रोज सकाळपासून गाड्यांची परीक्षा घेते. कोणी उलटत नाही, कारण कोणी दुसऱ्या गिअरच्या पुढे गेलेलाच नसतो. तिच्या चाचणीला त्यामुळे जगात नाव मिळालं नाही.

खरं तर पर्वत पाटियात ट्रॅक्शन कंट्रोलला रोजचं काम नाही. इथे पर्वत नाही. सुरत सपाट, चढ म्हणाल तर उड्डाणपुलांचे. सकाळी पार्सलांनी शिगोशीग भरलेले टेम्पो रिंग रोडच्या आणि सारोलीच्या मार्केटांकडे निघतात, त्यांच्या फटींतून रिक्षा, रिक्षांच्या फटींतून मोपेड, आणि मोपेडवर तिघांच्या मध्ये कापडाचे ताके. चाक घसरायचं तर आधी ते फिरायला हवं. अपवाद पावसाळ्याचा. वरच्या अंगाच्या तालुक्यांत पाऊस कोसळला की शहरातून वाहणाऱ्या खाड्या, आपण ज्यांना नाले म्हणू त्या, फुगतात आणि लिंबायत, पर्वत, पुणा भागातल्या सोसायट्यांत पाणी शिरतं. २००६ चा महापूर तापीचा होता, उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याचा. खाडीचा पूर वेगळा. तो तापीला न विचारता येतो. तो ओसरल्यावर रस्त्यावर जो गुळगुळीत गाळ राहतो त्यावर ही यंत्रणा कामाला येते. दुसरी जागा म्हणजे गावाकडे जाताना लागणारा कोंडाईबारीचा घाट, तोही पावसात. एरवी वर्षभर ती नुसती बसून असते. बसून असणाऱ्याचाच दिवा लागावा, याचं मला सुरुवातीला कौतुक वाटलं.

आता दिव्याचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हा दिवा सकाळी नसायचा. चावी फिरवली की बाकीच्या सगळ्या दिव्यांबरोबर क्षणभर लागायचा आणि त्यांच्याबरोबर गुपचूप विझायचा. सहारा दरवाजापर्यंत नाव नाही. मग केव्हातरी, बहुतेक एखाद्या लांबलेल्या जाममध्ये, उगवायचा आणि घरी येईपर्यंत राहायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब. कधी तर दोन-चार दिवस सुट्टीवर. गाडी चालू करताना संगणक प्रत्येक वेळी आपली तपासणी नव्याने करतो. त्या घटकेला सगळं जुळलं, तर दिवा विझवून टाकतो. म्हणजे रात्री गाडीला काहीही करा, सकाळी दिवा गेलेला असणारच. कुठल्याही वैद्याला याहून चांगला रोगी मिळणार नाही.

आमच्या सोसायटीतले सगळे वैद्य या रोग्यावर नामांकित झाले.

साडीवाले मारवाडी शेठ म्हणाले, "माट साब, बॅटरी का तार निकालो, दस मिनट रुको, फिर लगाओ." तार काढली, लावली. दिवा गेला. त्याच्याबरोबर घड्याळ बारावर गेलं आणि रेडिओवरची सगळी स्टेशनं गेली. शेठ आठवडाभर लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होते. दिवा परत आला तेव्हा ते म्हणाले, बॅटरीच जुनी असेल. तेही खोटं नव्हे. बॅटरी कमजोर झाली की आतल्या संगणकांना दाब पुरत नाही आणि ते नाही नाही ते दिवे लावतात.

टायरवाल्याने चारही चाकांची हवा पाहिली, एका चाकात कमी निघाली. हवा कमी म्हणजे चाक किंचित लहान, लहान चाक तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घेतं, सेन्सरला ते वेगळं दिसतं. शास्त्र निर्दोष. हवा भरली, सकाळी दिवा गेला, टायरवाल्याने पैसे घेतले नाहीत आणि माझ्यावर कायमचा उपकार करून ठेवला. पुढच्या वेळी गेलो तर त्याने काळी चिकटपट्टी काढून विचारलं, "टेप मारी दउं?" दिव्यावर टेप. हा इलाज मला त्या सगळ्या दिवसांत सगळ्यात जास्त वेळा सुचवला गेला. एकाने तर त्या जागी देवाचा स्टिकर लावायला सांगितलं, म्हणजे टेपही होईल आणि दर्शनही.

एम्ब्रॉयडरीवाले भाई दारूच्या निदानावरून उंदरावर आले. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत शिरतात आणि वायरी कुरतडतात, हे शंभर टक्के खरं आहे. भाईंनी तंबाखूची पानं आणून बॉनेटखाली कोंबली. उंदराला वास चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्हीही घरात दहा दिवस गणपती बसवणारी माणसं, देवाच्या वाहनाने आमच्या वाहनाशी असं वागावं याचं वाईट वाटलं. सकाळी दिवा नव्हता. आधीच पिऊन आल्याचा आळ असलेली माझी गाडी आता तंबाखूचाही वास मारत होती, आणि मी तिच्यातून शाळेत जात होतो.

सासूबाई अमळनेरहून आल्या होत्या. त्यांनी मात्र जो प्रश्न विचारला तो तोवर कोणीच विचारला नव्हता. "दिवा लाल से का पिवया?" मी म्हटलं, पिवळा. "मंग घाबरू नको." नियम हाच आहे. लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं. पिवळा लागला, तर चालत राहून लवकर दाखवायचं. मला त्या क्षणी वाटलं, निदान एका माणसाला शास्त्र कळतं. लगेच त्या म्हणाल्या, "गाडीले नजर लागनी," आणि शनिवारी सिग्नलवरून लिंबू-मिरची आणून पुढच्या बंपरला बांधली. त्या खेपेला दिवा सगळ्यात जास्त दिवस गेला. खोटं कशाला बोलू?

यातला एकही माणूस थापा मारत नव्हता, हे ध्यानात घ्या. लिंबाचं सोडा, पण बॅटरी, हवा, उंदीर, आणि पुढे कोणी सांगितलेलं अलाइनमेंट, प्रत्येक कारणाने जगात कुठे ना कुठे हा दिवा लागलेला आहे. अलाइनमेंट केल्यावर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर नव्याने जुळवला नाही तरी लागतो. दोन चाकांचे टायर वेगळ्या मापाचे असले तरी लागतो. चाकाचं बेरिंग बदलताना, त्यातलं चुंबकाचं कडं सेन्सरच्या बाजूला न ठेवता उलटं बसवलं तरी लागतो. खरी कारणं इतकी असली आणि दोष येऊन-जाऊन असला, की प्रत्येकाचं खरं ठरतं. ठाम बिघडलेली गाडी माणसाला नम्र करते. मधूनच बिघडणारी गाडी सगळ्या मोहल्ल्याला तज्ज्ञ करते.

आणि सगळ्या तज्ज्ञांचं शेवटचं वाक्य एकच: "कंई नथी, सेन्सर छे." काही नाही, सेन्सर आहे. हे वाक्य उच्चारताना हात असा हवेत उडवायचा असतो. कुठला सेन्सर? चारांतला कोणता? चाकाचा, स्टिअरिंगचा, का गाडी किती फिरतेय ते मोजणारा? असले प्रश्न विचारणाऱ्याकडे लोक कीव केल्यासारखं बघतात.

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपातही गेलो. कोणत्या, ते जाऊ द्या. तिथे काचेच्या खोलीत कॉफीचं यंत्र असतं, टीव्हीवर आवाज बंद करून बातम्या लावलेल्या असतात आणि काचेपलीकडे आपली गाडी हवेत उचललेली दिसते. ऑपरेशन थिएटरात आत बघू देत नाहीत ते बरंच करतात असं तिथे वाटतं. इस्त्रीच्या शर्टातला मुलगा येऊन म्हणाला, "सर, आम्ही कोड क्लिअर केले, आता दिवा नाहीये." मी विचारलं, कोड काय होता? तो म्हणाला, क्लिअर केला ना. दिवा परत आल्यावर पुन्हा गेलो, तर एस्टिमेट हातात आलं: आधी चारही सेन्सर बदलू, नाही गेला तर एबीएसचं मॉड्यूल बदलू. त्या आकड्यात आमच्या भागातला माणूस एक जुनी एम्ब्रॉयडरी मशीन बघून येतो. मी कॉफी संपवून निघालो. कॉफी बरी होती.

मग भाचा. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे त्याला येतंच. त्याने नेटवरून अंगठ्याएवढं स्कॅनर मागवलं, स्टिअरिंगखालच्या खाचेत खोचलं आणि मोबाईलवर हिरवी खूण दाखवली: काही दोष नाही. शेजारी पिवळा दिवा ढळढळीत जळत होता. मोबाईल आणि मोटार यांच्यात खरं कोण, यावर घरात वाद झाला आणि तरुण पिढी मोबाईलच्या बाजूने गेली. झालं होतं असं, की असली स्वस्तातली स्कॅनरं बहुधा इंजिनाच्या संगणकाशीच बोलतात. एबीएसचा संगणक वेगळा, त्याची तक्रारवही वेगळी. गाडीच्या दोषांची नावं चारांपैकी एका अक्षराने सुरू होतात: पी म्हणजे इंजिन आणि गिअर, सी म्हणजे चाकं-ब्रेक-स्टिअरिंग, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे संगणकांची आपापसातली बोलाचाली. डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरचा दोष सी-००३५ या नावाने निघतो. भाच्याच्या यंत्राला पी सोडून बाकी बाराखडी येत नव्हती. त्याने पी वाचलं आणि पेपर कोरा आहे असं जाहीर केलं.

शेवटी शाळेतल्या शिपायाने लिंबायतच्या बाजूच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव काढलं. एक गाळा, भिंतीवर वायरींची जुडगी, नंदुरबारकडचा माणूस, बोलणं अहिराणी. मी सगळा इतिहास सांगायला घेतला. तो मधेच म्हणाला, "आतापर्यंत कोणी वाचलं का, का सगळ्यांनी पुसलंच?" मी बघत राहिलो. बॅटरीची तार काढली की काही गाड्यांची आठवण पुसली जाते. वर्कशॉपात तर पहिलं काम पुसायचंच. दिवा रोज रात्री साक्ष लिहून ठेवत होता आणि आम्ही रोज पाटी धुऊन परत त्याला विचारत होतो, तुला काय म्हणायचंय?

इलेक्ट्रिशियनने गाडीला हातसुद्धा लावला नाही. त्या दिवशी दिवा नव्हता. तो म्हणाला, "दिवा लागला की तसेच या. वाटेत गाडी बंद करू नका. काही पुसू नका." आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

इथून आमच्या घरात दिव्याची वाट बघणं सुरू झालं. आता तो लागेना. सकाळी शाळेत जाताना नाही, येताना नाही. संध्याकाळी मुद्दाम कॅनॉल रोडवर चकरा मारल्या, कुटुंबासह. लोचो खाल्ला, तोही गाडी चालू ठेवून, एकाने आत बसून मीटरवर नजर ठेवायची आणि बाकीच्यांनी खायचं, अशा पाळ्या लावून. मुलगा आशेने विचारायचा, "बाबा, लागला का?" एकदा हँडब्रेकचा दिवा लागलेला पाहून त्याने आनंदाने आरोळी ठोकली. शेजाऱ्यांना वाटलं आता बरं झालं, म्हणून ते अभिनंदन करायला येत. त्यांना कसं सांगणार की आम्हाला दिवा हवाय? सासूबाईंनी प्रकरण समजून घेतलं आणि कोणाला न सांगता बंपरची लिंबू-मिरची काढून टाकली. उपाय उलटा फिरवायचा तर तो रीतसरच फिरवायला हवा.

दिवा लागला तो ऐन पाटियाच्या जाममध्ये, साड्यांच्या पार्सलांच्या टेम्पोमागे. गाडीत जयजयकार झाला. टेम्पोवाल्याने वळून पाहिलं. गाडी बंद न करता, मोपेडवरून मागून येणाऱ्या बायकोला हाताने खूण करून, आम्ही सगळे वरातीसारखे लिंबायतला पोहोचलो.

बायको मोपेडवर का, ते सांगतो. आमच्याकडे बाजाराला जायचं तर गाडी बाजारापर्यंत जात नाही, ती दूर कुठेतरी उभी करावी लागते. मग गाडीत सासूबाई आणि पिशव्या, मागून मोपेडवर ही, आणि शेवटचा टप्पा मोपेडवरून दोन-तीन फेऱ्यांत. सुरतेत मोटार असलेल्या घराला मोपेड लागतेच, मोटार जिथे पोहोचत नाही तिथे जायला.

इलेक्ट्रिशियनने मोठं स्कॅनर लावलं, पडद्यावरचं वाचलं आणि मला चाकाबद्दल एक अक्षर न विचारता म्हणाला, "तुमना मांगे कोन चालस?" तुमच्या मागून कोण चालतं? मी बायकोकडे बोट केलं. त्याने तिला विचारलं, "वहिनी, साहेब ब्रेक मारतात तेव्हा मागचे लाल दिवे लागतात का?"

ती म्हणाली, "कधी लागतात, कधी नाही. मी केव्हाची सांगतेय, हे न सांगता थांबतात."

हे ती खरोखरच केव्हाची सांगत होती. पण ती तक्रार आमच्या घरात संसाराच्या खात्यात नोंदली गेली होती. मोटारीच्या खात्याशी तिचा संबंध कोणी जोडला नव्हता. आणि सुरतेचंही बघा. इतके दिवस माझ्या गाडीचे ब्रेकचे दिवे लहर लागेल तसे लागत होते आणि मागच्या एकानेही तक्रार केली नाही. इथे पुढचा थांबतोय हे कळायला दिवा कोण बघतो? पुढचा थांबणारच आहे असं धरून सगळे चालतात.

दोष होता ब्रेकच्या पेडलवर बसवलेल्या एका छोट्या स्विचमध्ये. पेडल दाबलं की त्याची दांडी सुटते आणि मागचे दिवे लागतात. तोच स्विच दुसऱ्या वायरीने संगणकालाही कळवतो की पाय ब्रेकवर आहे. आमच्या स्विचचे आतले संपर्क जळून काळे झाले होते. एक वायर म्हणायची पाय आहे, दुसरी म्हणायची नाही. ट्रॅक्शन कंट्रोलला हे कळलंच पाहिजे, कारण माणूस स्वतः ब्रेक दाबत असेल तर त्याने मधे लुडबुड करायची नसते. दोन्हीकडून उलटसुलट खबर आली की संगणक धोका पत्करत नाही. यंत्रणा बंद करतो आणि दिवा लावतो. जाममध्येच का लागायचा, तेही कळलं: दर दोन मिनिटांनी ब्रेक दाबणार, तेवढ्या वेळा स्विच चुकण्याची संधी. ब्रेक स्वतः ठणठणीत होते. चाकं ठणठणीत होती. चारही सेन्सर, ज्यांना अख्ख्या पर्वत पाटियाने दोषी ठरवलं होतं, ते पहिल्यापासून निर्दोष होते.

नवा स्विच काही शे रुपयांत आला. बसवायला लागलेला बहुतेक वेळ इलेक्ट्रिशियन पेडलखाली आडवा पडून भाच्याला मल्टीमीटर कसा धरायचा ते शिकवत होता. मग त्याने मागच्या शटरवर पडलेला लाल उजेड दाखवला, कोड वाचून दाखवला आणि त्यानंतरच पुसला. मजुरी सांगताना तो जरा लाजला.

सोसायटीत परतल्यावर मी सगळ्यांना स्विचचं सांगितलं. काठियावाडी भाई शांतपणे ऐकून घेत म्हणाले, "ए ज ने, सेन्सर." तेच ना, सेन्सर. टायरवाला अजूनही हवेचं श्रेय सोडत नाही. साडीवाले शेठ जुनी गाडी घ्यायच्या विचारात आहेत, आणि त्यांना बाजारात एक गाडी मिळतेय जिच्यात एकही दिवा लागत नाही, असं ते अभिमानाने सांगत होते. मी त्यांना म्हटलं, ती घेऊ नका. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी, एअरबॅग, एबीएस, इंजिन, ट्रॅक्शन, सगळे दिवे क्षणभर लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. जो लागतच नाही त्याचं तोंड कोणीतरी बंद केलेलं असतं. शेठना ते पटलं नाही. शून्य दिव्यांची गाडी त्यांना अजून फायद्याचा सौदा वाटते.

तुमच्या गाडीचं मात्र आजच बघून घ्या. अंधार पडल्यावर गाडी एखाद्या भिंतीकडे किंवा बंद दुकानाच्या शटरकडे पाठ करून उभी करा, ब्रेक दाबा आणि आरशात पाहा. भिंत लाल झाली पाहिजे, दर वेळी, दहा वेळा दाबलं तरी. नाही झाली तर स्विच, फ्यूज आणि बल्ब, या तिघांत शोधा. आणि मीटरमध्ये दिवा लागलेला असेल तर तो कोणालाही पुसू देऊ नका, आधी वाचायला सांगा.